गाळ ब्लॉकमध्ये असतो

जुनी गाडी तापायला लागली की मालक थेट रेडिएटरवाल्याकडे जातो. साहजिक आहे. रेडिएटर समोर दिसतो, बोल्ट सोडले की हातात येतो आणि तो साफ करून देणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. तो वरची टाकी उकलतो, नळ्यांतून पट्टी फिरवतो (याला रॉडिंग म्हणतात), टाकी बसवून डाग देतो आणि काळा रंग मारतो. गाडी थोडे दिवस झकास चालते. मग खंबाटकीच्या चढावर काटा पुन्हा वर सरकतो आणि शिव्या त्या रेडिएटरवाल्याला बसतात. त्याचा काही दोष नसतो. त्यानं साफ केलेल्या नळ्यांत इंजिनानं पोटातला गाळ पुन्हा आणून भरलेला असतो.

माझ्या गॅरेजात येणाऱ्या जुन्या गाड्यांत प्रीमियर पद्मिनी जास्त. तिचं उत्पादन थांबून पाव शतक झालं. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. पण गावाकडच्या वाड्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये त्या अजून उभ्या आहेत आणि आता नातवांना त्या चालवायच्या आहेत. मालक गाडी आणतो तेव्हा अभिमानानं एक वाक्य हमखास सांगतो : “मिस्त्री, पाणी कधी कमी पडू दिलं नाही. रोज सकाळी भरायचो.”

निम्मं निदान इथंच होतं. रोज भरायचात, तर रोजचं पाणी जात कुठं होतं?

बोअरच्या पाण्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की ते घट्ट होऊन धातूला चिकटतात. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो तो हाच. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात. एकदा भरलेलं पाणी आतच फिरत राहिलं तर जेवढे क्षार होते तेवढेच बसतात आणि पाण्यात मुरलेला प्राणवायूही संपून जातो. पण रोजच्या ताज्या लिटरभर पाण्याबरोबर नवे क्षार येतात आणि बिडाला गंज चढवायला नवा प्राणवायूही येतो. म्हणजे ज्या काळजीनं मालक पाणी भरत होता, तिनंच इंजिन भरत आणलं. हा थर उष्णता इतकी अडवतो की एक मिलिमीटर क्षार म्हणजे जवळपास इंचभर जाडीचं बीड मध्ये आल्यासारखं होतं. बाहेर पाणी खळखळ फिरत असतं आणि आत एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवतीचा धातू भाजत असतो.

ब्लॉकमध्ये हा गाळ कुठं बसतो ते सांगायला आम्हा कोल्हापूरकरांना सोपं जातं, कारण उद्यमनगरात ओतकाम पाहतच आम्ही वाढलो. सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी, म्हणजे वॉटर जॅकेट, वाळूच्या कोअरवर ओतून होते. ओतल्यावर ती वाळू ब्लॉकच्या अंगातल्या भोकांतून बाहेर काढतात आणि त्या भोकांवर पातळ पत्र्याच्या टिकल्या ठोकतात. त्याच कोअर प्लग. पाण्याचा पंप इंजिनाच्या पुढच्या टोकाला असतो, त्यामुळे मागच्या सिलिंडरपाशी खाली प्रवाह मंद पडतो. गंजाचा चिखल, क्षारांच्या खपल्या, कधीकाळी राहून गेलेली कोअरची वाळू, सगळं तिथं साचतं.

म्हणून मी पहिल्यांदा गार इंजिनावर ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडतो. रेडिएटर भरलेला असूनही कॉकमधून थेंब पडला नाही, तर पुढचं काम काय ते कळलं. कॉक पूर्ण काढून तार घातली तरी कधी कधी ती दगडावर आपटल्यासारखी थांबते.

त्या कामाला हात घालण्याआधी मात्र एक गोष्ट तपासावी लागते. इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी सारखे बुडबुडे येत असतील किंवा पाण्यावर तेलाची साय असेल, तर हेड गॅस्केट गेलं असायची दाट शक्यता. तसं असेल तर साफसफाईचे पैसे आधी घेऊ नयेत, हेड उतरवावं. हा तपास न करता हजारो रुपयांचं काम केलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. काट्यावरही आंधळा भरवसा नको. पाणी इतकं उतरलं की सेन्सर उघडा पडतो आणि इंजिन करपत असताना काटा निवांत बसतो.

आता खरं काम. पंप, थर्मोस्टॅट, होज पाइप काढायचे. कोअर प्लगच्या एका कडेला पंच ठेवून ठोकलं की तो भोकातच आडवा फिरतो. मग पकडीनं ओढून घ्यायचा. बाहेरून रंगवलेला धडधाकट प्लग आतून कागदासारखा झालेला निघतो. गाळ काही वेळा ओला, विटकरी. गाडी बरीच वर्षं उभी असेल तर वाळून ढेपळं झालेली. सायकलचा आरा वाकवून तो उकरायचा. ब्रेकच्या जुन्या केबलचं टोक पिंजून ड्रिलला लावलं की कोपऱ्यातलाही सुटतो. उकरायचं, पाण्याचा फवारा मारायचा, पुन्हा उकरायचं. फवारा उलटा मारायचा, नेहमीच्या प्रवाहाच्या विरुद्ध, म्हणजे अडकलेली खपली आली त्याच वाटेनं मागे फिरते. या कामाला अख्खा दिवस जातो आणि गिऱ्हाइकाला दाखवायला बादलीभर चिखलापलीकडे काही नसतं. म्हणूनच बरेच जण ते करत नाहीत, आत औषध ओततात.

औषध चालतं, पण उकरल्यानंतर. ढेकळांवर आम्ल ओतलं की ती अर्धवट सुटतात आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतात. शिवाय आम्ल कुठलं, हे महत्त्वाचं. संडास साफ करायचं ॲसिड इंजिनात ओतणारे महाभाग मी पाहिलेत. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा असला तरी हेड ॲल्युमिनियमचं. ते ॲसिड हेड खातं. कॉस्टिक सोडाही ॲल्युमिनियमचा वैरीच. मी लिंबूसत्त्व वापरतो, लिटरला साधारण ५० ग्रॅम. जुना रेडिएटर बाहेरच ठेवून ब्लॉकमधून ते कोमट फिरवायचं, काढायचं, आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. शेवटी एकदा खायच्या सोड्याचं पाणी, म्हणजे उरलंसुरलं आम्ल मरतं, आणि पुन्हा साधं पाणी.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. काही जुन्या इंजिनांत गळती या घाणीनंच धरून ठेवलेली असते. घाटात रेडिएटर गळला की हळद टाकायची आपल्याकडची रीत जुनी आहे, आणि घरी पोचेपर्यंत ती कामाची आहे हे मी नाकारत नाही. पण ती हळदही तिथंच राहते. सफाईनंतर पंपाचं सील किंवा जुना डाग पाझरू लागला तर ते मिस्त्रीचं पाप नव्हे. नवे प्लग, नवे होज, पंपाची किट हा खर्च याच कामात धरायचा.

थर्मोस्टॅट परत बसवा, साधारण ८० अंशांच्या आसपास उघडणारा. “आपल्याकडे उन्हाळा, त्याची काय गरज” म्हणून तो फेकून देणाऱ्यांशी मी बरीच वर्षं भांडतोय. इंजिन नीट तापलं नाही की पेट्रोल जास्त पितं आणि तेलात ओल साचते. रेडिएटरच्या झाकणाचं रबर आणि स्प्रिंगही बघा. झाकण दाब धरतं म्हणून पाणी उशिरा उकळतं. ते ढिलं असेल तर तुमचं रोजचं लिटर तिथूनच जात असण्याची शक्यता मोठी.

आणि भरताना नळाचं, बोअरचं पाणी नको. डिस्टिल्ड पाणी आणि तांबं-पितळ, डाग आणि ॲल्युमिनियम या सगळ्यांना चालणारं कूलंट घ्या. महाराष्ट्रात पाणी गोठत नाही, म्हणून कूलंट लागत नाही असं समजू नका; आपल्याला त्यातला गंजरोधक हवा असतो. तो कालांतरानं संपतो. दर दोन वर्षांनी कूलंट बदला, गाडी फिरली असो वा नसो, आणि त्या दिवशी ब्लॉकचा कॉक तुमच्या डोळ्यांसमोर उघडायला लावा.