‘तिसऱ्या जगा’च्या रस्त्यावरील बिऱ्हाड

“पुण्याचें राहतें घर सोडून, दोन मुलें व पांच पेट्या घेऊन, तुम्ही मेक्सिकोच्या समुद्रकांठीं कशाला जाऊन बसलां?” हा प्रश्न गेल्या वर्षभरांत आम्हांस इतक्या आप्तेष्टांनीं विचारला आहे कीं, प्रत्येकास निराळें पत्र लिहिण्यापेक्षां येथेंच एकदां सविस्तर उत्तर द्यावें हें बरें, असें आम्हांस वाटूं लागलें. कित्येकांची समजूत अशी कीं, आम्ही हवा खाण्यासाठीं गेलों. खरें कारण त्याहून पुष्कळ साधें आहे. आम्हांस रात्रीं झोपावयाचें होतें.

आमची नोकरी शिकागो येथील एका कचेरीची. २०२० सालच्या साथीपासून हें काम घरीं बसूनच चालतें. कचेरी घरांत आली, पण तिचें घड्याळ मात्र शिकागोचेंच राहिलें. तेथें सकाळचे नऊ वाजतात तेव्हां पुण्यास हिवाळ्यांत रात्रीचे साडेआठ व उन्हाळ्यांत संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. म्हणजे घरांत पानें मांडलीं जात असतां आम्ही दार लावून कामास बसावयाचें, आणि काकड आरतीच्या सुमारास अंथरुणास पाठ टेकावयाची. अकरा माणसांच्या घरांत दिवसा निजणारा मनुष्य म्हणजे इतर दहांस शिक्षाच. मुलांनीं हळू बोलावें, वहिनींनीं मिक्सर लावूं नये, दादांनीं पाहुण्यांस बाहेरूनच वाटेस लावावें! साडेचार वर्षें असा क्रम चालला. एके दिवशीं धाकटीनें शाळेच्या निबंधांत ‘माझे बाबा झोपतात’ असें लिहिलें, तेव्हां मात्र आमचे डोळे उघडले.

अमेरिकेंत बिऱ्हाड करण्याचा परवाना मिळण्यासारखा नव्हता. तेव्हां शिकागोशीं वेळ जुळणारा व आमच्या मिळकतींत नीट राहतां येईल असा मुलूख आम्ही नकाशावर शोधूं लागलों, आणि बोट मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर थांबलें. बाहेरच्या मिळकतीवर येथें राहूं इच्छिणारांस ‘तात्पुरता रहिवासी’ असा परवाना मिळूं शकतो. त्यासाठीं मागील सहा महिन्यांची मिळकत दाखवावी लागते. तिचा आंकडा वरचेवर बदलतो. वकिलातींत मुलाखत होऊन शिक्का मिळाला कीं १८० दिवसांच्या आंत देशांत प्रवेश करावयाचा, व प्रवेशानंतर ३० दिवसांच्या आंत तेथील कचेरींत कार्डासाठीं अर्ज करावयाचा. पहिलें कार्ड एका वर्षाचें. पुढें आणखी तीन वर्षांपर्यंत तें वाढवितां येतें. मुलांचे जन्मदाखले आपल्या परराष्ट्र खात्याकडून ‘अपोस्टिल’ करवून घ्यावे, व मेक्सिकोंत अधिकृत भाषांतरकाराकडून त्यांचें स्पॅनिश करवावें. जाणारांनीं हे कागद घरूनच नीट करून न्यावे. एवढ्या दुरून एखादा दाखला मागविणें म्हणजे काय, तें आम्हीं अनुभवलें आहे.

२०२५ च्या जानेवारींत आम्ही येथें पोंचलों. गांवाचें कागदोपत्रीं नांव सान फ्रान्सिस्को. परंतु विष्णूचा जसा आपण विसू करतों, तसा फ्रान्सिस्कोचा येथें पान्चो होतो, म्हणून सारे त्यास ‘सान पान्चो’ म्हणतात. नायारित राज्याच्या दक्षिण टोंकास, एका बाजूस झाडींनीं भरलेले डोंगर व दुसऱ्या बाजूस प्रशांत महासागर, अशा ठिकाणीं तें वसलें आहे. प्युएर्तो वायार्ता येथील विमानतळावरून मोटारीनें सुमारें एक तास लागतो. महासागर नांवाचाच प्रशांत. येथील लाटा मोठ्या व पाण्याची ओढ जबर आहे, त्यामुळें पोहणारांनीं सांभाळून असावें.

येथल्या घड्याळाचीहि एक गोष्ट आहे. नायारित राज्याच्या बहुतेक भागाची वेळ मध्य मेक्सिकोच्या एक तास मागें. पूर्वीं आमचा तालुकाहि तसाच होता. परंतु विमानतळ आमेका नदीपलीकडे, हालिस्को राज्यांत, आणि तेथील घड्याळ एक तास पुढें! या घोटाळ्यास कंटाळून २०१० सालीं बाया दे बान्देरास या आमच्या तालुक्यानें आपलीं घड्याळें पलीकडच्या राज्याशीं जुळवून घेतलीं. पाहुण्यांसाठीं वेळ बदलणारा तालुका पाहून, धन्याच्या वेळेसाठीं देश बदलणाऱ्या आम्हांस जरा धीर आला.

गांवच्या मुख्य रस्त्याचें नांव ‘तेर्सेर मुन्दो’, म्हणजे ‘तिसरें जग’. १९७० ते १९७६ या काळांत मेक्सिकोचे अध्यक्ष असलेले लुईस एचेव्हेरिया यांचा येथें बंगला होता, आणि गरीब व नवस्वतंत्र राष्ट्रांचा कैवार घेण्याची त्यांना मोठी हौस. या लहानशा खेड्याचें आदर्श गांव करावें, असा त्यांचा संकल्प होता. त्या संकल्पाची खूण रस्त्याच्या नांवांत राहून गेली आहे. आज त्याच रस्त्यावर अमेरिका व कॅनडांतील पाहुण्यांसाठीं कॉफीचीं दुकानें थाटलेलीं आहेत. “या रस्त्याचे खरे मानकरी आपणच,” असें आम्ही मुलांस थट्टेनें सांगत असूं. ती थट्टा आमच्यावरच कशी उलटली, तें पुढें येईल.

सौ.स सर्वांत मोठी काळजी जेवणाची होती. ती पहिल्याच आठवड्यांत निम्मी झाली. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यांत शिजवून रात्रभर तसेच ठेवावयाचे, सकाळीं धुऊन दळावयाचे, व त्या पिठाच्या पातळ भाकऱ्या करावयाच्या, ही येथील फार प्राचीन रीत आहे. चुन्यामुळें मक्यांतील एक जीवनसत्त्व अंगीं लागतें. युरोपनें मका नेला पण चुन्याची रीत नेली नाहीं, म्हणून केवळ मक्यावर जगणाऱ्या तिकडील गरिबांत ‘पेलाग्रा’ हा रोग पसरला. घेवड्याची उसळ घरोघर असते. मात्र शाकाहारी मंडळींनीं ‘सिन मान्तेका’, म्हणजे ‘चरबीवांचून’, हे शब्द पाठ करूनच यावें. कारण घेवडा डुकराच्या चरबींत परतण्याची चाल आहे, व भातहि पुष्कळदां कोंबडीच्या रश्शांत शिजवितात. मिरची, टोमॅटो, पेरू व चिकू हे आपण आपले म्हणतों, पण ते या खंडांतून आपल्याकडे आलेले. उलट आंबा आशियांतून, फिलिपाईन्सच्या वाटेनें, स्पॅनिश गलबतांतून या किनाऱ्यास आला. आणि फणस! नायारित हा मेक्सिकोंतील फणसाचा मोठा मुलूख आहे. त्यास ‘याका’ म्हणतात. हमरस्त्याच्या कडेला रचलेले फणस पाहून सौ.नें मोटार थांबविली, व आठळ्या फेंकावयाच्या नसतात, उकडून खावयाच्या असतात, हें विकणाऱ्या बाईस हातवाऱ्यांनीं समजावून सांगितलें.

शाळेंत मुलांचीं नांवें घालतांना कारकुनानें दोन आडनांवें मागितलीं: एक बापाचें व एक आईचें. येथें लग्नानंतर स्त्रीचें आडनांव बदलत नाहीं, व मुलें दोन्ही लावतात. पंधरा वर्षांनीं आपलें माहेरचें आडनांव मुलांच्या नांवासमोर लिहिलेलें पाहून सौ.चा चेहरा जो उजळला, तो आम्हांस समुद्राहून अधिक प्रेक्षणीय वाटला.

दिवस सुखाचे जाऊं लागले. २०२२ सालापासून मेक्सिकोच्या बहुतेक भागांत उन्हाळ्यांत घड्याळें पुढें करण्याची चाल बंद झाली आहे. त्यामुळें आमचें काम हिवाळ्यांत नऊस व उन्हाळ्यांत आठास सुरू होतें, आणि दिवस मावळण्यापूर्वींच संपतें. येथें सकाळचे साडेसात वाजतात तेव्हां पुण्यास संध्याकाळचे सात. मातोश्री देवापाशीं दिवा लावीत, आणि आमचीं मुलें दप्तरें पाठीस लावून, कोवळ्या उन्हांत उभीं राहून, फोनवरून त्यांच्याबरोबर शुभंकरोति म्हणत. धाकटी म्हणे, “आजीची संध्याकाळ झाली, आतां मी शाळेंत जातें.”

या देशांत आपलें कोणी नाहीं असें वाटूं लागलें म्हणजे आम्हांस पांडुरंग खानखोजे यांचें स्मरण होई. १८८४ सालीं वर्ध्याकडे जन्मलेला हा गदर चळवळींतील क्रांतिकारक मायदेशाची वाट बंद झाल्यावर मेक्सिकोंत आला. चापिंगो येथील शेतकी विद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें, मक्याच्या वाणांवर संशोधन केलें, शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनीं मेक्सिको शहरांत शिक्षणखात्याच्या भिंतीवर रंगविलेल्या एका चित्रांत, पंक्तीला भाकरी मोडून देणारा पुरुष म्हणून त्यांची मूर्ति आहे. १९६७ सालीं ते नागपुरास वारले. परक्या गांवीं राहणारानें त्या गांवास कांहीं द्यावें, असें त्यांचें चरित्र सांगतें. आम्ही काय देत होतों? भाडें.

आणि त्या भाड्याचीच ही गोष्ट. आम्हीं एक दोन मजली घर सबंध घेतलें होतें. तिसऱ्या महिन्यांत थोडी भाषा कळूं लागली, तेव्हां समजलें कीं, खालच्या मजल्यावर मालकीणबाईंची विवाहित मुलगी राहत असे. आम्ही देतों त्याच्या निम्मेंहि भाडें तिला परवडण्यासारखें नव्हतें. म्हणून ती नवरा व मुलगा यांसह डोंगराच्या आंतल्या एका गांवीं गेली, व रोज बसनें याच गांवांत एका खाणावळींत कामास येत होती. आम्हीं संकोचानें विषय काढला. बाई म्हणाल्या, “तुमच्या भाड्यानें छप्पर झालें, माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मुलगी लांब गेली, हेंहि खरें. दोन्ही खरें आहे.”

किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आंत परकीयांस थेट आपल्या नांवें जमीन घेतां येत नाहीं, असा मेक्सिकोच्या १९१७ च्या घटनेचा निर्बंध आहे. घ्यावयाची तर बँकेस विश्वस्त करून घ्यावी लागते. परंतु भाड्यानें राहणारास तो निर्बंध लागू नाहीं. डॉलरांत कमावणारे लोक पेसोंत कमावणारांच्या शेजारीं येऊन राहिले म्हणजे काय होतें, याविरुद्ध २०२५ च्या जुलैंत मेक्सिको शहरांत निदर्शनें झालीं. तीं पाहतांना आम्हांस आमची थट्टा आठवली. तिसऱ्या जगांतून आलेले आम्ही, तिसऱ्या जगाच्या रस्त्यावर, पहिल्या जगाचे होऊन बसलों होतों.

भाद्रपदांत एके दिवशीं दुपारीं दोन वाजतां फोन वाजला. पुण्यास तेव्हां रात्रीचा दीड. मातोश्री न्हाणीघरांत घसरल्या होत्या व मांडीचें हाड मोडलें होतें. दादांनीं त्यांना रुग्णालयांत नेलें, वहिनी रात्रभर बांकावर बसून राहिल्या. आम्ही तिसऱ्या दिवशीं पोंचलों तों शस्त्रक्रिया होऊनहि गेली होती. आईंनीं डोळे उघडून पहिलें विचारलें तें हें, “तुझी झोंप झाली का?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्या रात्रीं आम्ही वहिनींस घरीं जाण्याचा आग्रह करूं लागलों, तेव्हां त्या रागानें नव्हे, सहज बोलावें तशा म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही तिकडे दिवसा जागतां, म्हणून आम्ही इकडे रात्रीं जागतों. कोणी तरी जागावेंच लागतें.”

कोठेंहि बसून काम करतां येतें, ही या काळांतील मोठी सोय आहे, व तिचें सुख आम्हीं भोगलें आहे. परंतु कोठेंहि जाऊं शकणारा मनुष्य मोकळा होतो तो कोणी तरी जागचें हालत नाहीं म्हणून, हें आम्हांस उशिरां कळलें. आमची मोकळीक पुण्यास वहिनींच्या खांद्यावर उभी होती, आणि सान पान्चोंत एका मुलीच्या बसच्या प्रवासावर.

परत आल्यावर खालचा मजला आम्हीं मालकीणबाईंच्या स्वाधीन केला. यांत आमचा कांहीं मोठेपणा नाहीं. तेथील दोन खोल्या बहुतेक बंदच असत, व वरच्या तीन खोल्या चौघांस थोड्या म्हणणें वाड्यांत वाढलेल्यास शोभत नाहीं. कार्तिकांत मुलगी राहावयास आली. तिचा मुलगा आतां आमच्या धाकटीचें स्पॅनिश सुधारतो, व बदल्यांत तिच्या हातच्या आठळ्या खातो.

कार्डाची मुदत संपत आली, तेव्हां कचेरींत विचारलें, “एक वर्ष, दोन, कीं तीन?” आम्हीं एक लिहिलें. यंदा जूनपासून चार महिने आम्ही स्वतः पुण्यास राहणार, सौ. व मुलें शाळेच्या सुटीपुरतीं, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेर येतील. त्या चार महिन्यांत दादा-वहिनींनीं मन मानेल तेथें जावें. कचेरीचें घड्याळ बदलणार नाहीं, तेव्हां रात्रीं आम्ही जागेच असूं. मग आईंच्या उशाशीं मेज लावून जागावें, इतकेंच. ज्या रात्रपाळीस भिऊन आम्ही पृथ्वीच्या पाठीवर अर्धी प्रदक्षिणा घातली, तिचा असाहि उपयोग आहे, हें आम्हांस पूर्वीं सुचलें नव्हतें.

हा बेत आम्हीं फोनवरून वहिनींस सांगितला. त्या क्षणभर थांबल्या, व म्हणाल्या, “आधीं या तर खरे. मग आमचीं तिकिटें काढूं.”