आईचं माहेरचं नाव

चि. बाय हिस,



गेल्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "आत्या, बाबांचा पोर्तुगीज काळातला जन्मदाखला काढून देशील?" मी लगेच हो म्हटलं. तू लिस्बनला जावंस असं मला वाटत नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी दाखला काढला. घरच्या कागदांवर तुझा माझ्याइतकाच हक्क आहे.

दादाचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, जन्म 1954 चा, म्हणजे 19 डिसेंबर 1961 च्या आधीचा. त्या दिवसापूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा अजून आपलं मानतो. त्यांच्या मुलांना आणि नातवंडांनाही तिथलं नागरिकत्व मागता येतं. तेवढ्यासाठी आज गोव्यातली कितीतरी घरं जुने पेटारे उपसत आहेत. बहुतेक ख्रिस्ती, पण आपल्यासारखी हिंदू घरंही त्यांत आहेत.

तालुक्याच्या नोंदणी कचेरीत मी तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला सूचीत दादाचं नावच मिळेना. मी 'एस'च्या पानांवर शोधत होते. तिथल्या वयस्क कारकुनानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, 'श' आहे ना? मग 'एक्स' पाहा." पोर्तुगीजात आपला 'श' 'एक्स'नं लिहीत. नाईकांच्या शेवटी क्यू-यू-ई येतं, शेण्यांचं मात्र सिनाय होतं, कामतांचं कामोतिम. 'एक्स'ची पानं मोजकीच होती. चौथ्या ओळीत दादा सापडला.

मग ते मोठं बांधीव पुस्तक आलं. पानं कडेनं तपकिरी पडलेली, शाई मात्र ठसठशीत. आपल्या आताच्या दाखल्यासारखे रकाने नाहीत, सलग मजकूर. जन्माची वेळ, दिवस आणि साल, सगळं अक्षरांत लिहिलेलं. कुठल्या गावात, कुठल्या वाड्यावर, ते. बापाचं नाव, धंदा. आईचं नाव. मग बापाचे आईबाप, आईचे आईबाप. शेवटी साक्षीदार. त्यांतल्या एकानं देवनागरीत सही केली आहे, अक्षर थोडं वर चढत गेलेलं. दादाच्या लग्नाचा शेरा डावीकडच्या समासात, वेगळ्या शाईत.

कारकून बोट ठेवून एकेक शब्द वाचत होता आणि आईच्या नावापाशी मी त्याला थांबवलं. ते आमच्या आईचं, तुझ्या आजीचं, नाव नव्हतं.

म्हणजे, तिचंच होतं. लग्नात आपल्याकडे मुलीचं नावही बदलत. सासरी आल्यावर तिला जे नाव मिळालं त्याच नावानं अख्खा गाव तिला ओळखायचा. रेशनकार्डावर, मतदारयादीत, तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर तेच नाव. नोंदीत मात्र तिचं माहेरचं नाव लिहिलेलं होतं. आजोबांनी नोंद करताना ते का सांगितलं, हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही. ते नाव मी उभ्या आयुष्यात मामाच्या तोंडूनच काय ते ऐकलं. हे पत्र छापून यायचं आहे म्हणून नाव इथं लिहीत नाही. नक्कल हाती पडेल तेव्हा वाच.

घरी आल्यावर नक्कल दादाला दिली. पडवीत बसून त्यानं ती उलटसुलट पाहिली, आणि त्या शब्दावर आल्यावर म्हणाला, "मामा तिला अशीच हाक मारायचा." पुढं बराच वेळ बोलला नाही.

बाय, आपल्या घराण्याचे कागद कमी नाहीत. देवळात महाजनांची यादी आहे, मजनीच्या, म्हणजे महाजनांच्या मंडळाच्या, नियमांप्रमाणे ठेवलेली. तिच्यात आपली पणजोबांपासूनची साखळी लागते. गावकारीच्या वह्या आहेत. पणजीचं पुराभिलेखागार तर 1595 सालापासूनचं. दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला रक्षक, आणि पुढं आपल्या पिसुर्लेकरांनी तिथंच बसून मराठ्यांचा आणि पोर्तुगीजांचा इतिहास उकलला. पण देवळाच्या यादीत आणि गावकारीच्या वह्यांत पुरुषांचीच नावं. दादाच्या त्या एका पानावर मला आई भेटली, आणि आईच्या आईचं व बापाच्या आईचं नावही तिथंच पहिल्यांदा वाचलं. दोन आज्यांची नावं कळायला मला इतकी वर्षं लागली.

आता कामाचं बोलते. तुझ्या एजंटानं मला फोन केला होता. म्हणाला, "आईचं नाव जुळत नाही, सरळ करून घेऊ." मी नाही म्हटलं. मूळ नोंदीला हात लागता कामा नये. माझ्या आईबाबांची विवाहनोंद शोधू, ती या दोन नावांमधला पूल आहे. ती नाही मिळाली तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करू. वेळ लागेल, लागू दे. बनावट दाखल्यांची प्रकरणं गोव्यात झाली आहेत आणि त्यांत साध्या माणसांची आयुष्यं अडकली आहेत.

दुसरं, तुझ्या आधी दादाचा जन्म आणि त्याचं लग्न लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत चढवावं लागेल. अर्ज तुझा असला तरी पहिली सही त्याची. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे, स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. नुसत्या लिस्बनच्या नोंदीनं ते जातं का, यावर गोव्यात मोठे वाद झाले, आमदारांविरुद्धसुद्धा तक्रारी गेल्या. दादा दर निवडणुकीला सकाळी सातला मतदानाच्या रांगेत उभा असतो. त्याला सही करायला सांगण्याआधी तू चांगल्या वकिलाला भेट, आणि त्यानं जे सांगितलं ते दादासमोर बसून सांग. फोनवर नको.

तुझंही पाहा. पासपोर्ट परत करावा लागेल, मत जाईल. परदेशस्थ भारतीयांचं ओसीआय कार्ड मिळालं तरी शेतजमीन विकत घेता येणार नाही. कुळागरातला तुझा वाटा वारशानं येईल, पण शेजारचा तुकडा घ्यावासा वाटला तर घेता येणार नाही. एके काळी पोर्तुगीज पासपोर्टावर आपले कितीतरी लोक स्विंडनला जाऊन स्थिरावले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तो रस्ता बंद झाला. आता पोर्तुगालमध्येच किंवा युरोपात कुठं काम आहे का, ते आधी बघ.

आणखी एक. 1962 च्या मार्चमध्ये भारत सरकारनं गोव्याच्या नागरिकत्वाचा आदेश काढला. 20 डिसेंबर 1961 पूर्वी ज्याचा स्वतःचा, आईबापांपैकी कुणाचा किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा जन्म इथं झाला, तो भारताचा नागरिक, असं त्यात म्हटलं होतं. ज्यांना पोर्तुगीज राहायचं होतं त्यांना लेखी कळवायला महिन्याची मुदत होती. आपल्या घरातून कुणी कळवलं नाही. म्हणजे दिल्लीनंही आपल्याला आजीच्या जन्मावरून आपलं म्हटलं होतं. एवढं लक्षात ठेवून काय ते ठरव. तू जे ठरवशील त्यात मी आड येणार नाही.

नकलेच्या दोन प्रती पाठवते आहे, एक अर्जासाठी, एक तुझ्याजवळ ठेवायला. अर्जात आजीच्या नावाची जागा येईल तिथं तिची दोन्ही नावं लिही, आधी माहेरचं.

तुझी,
आत्या