कंपासपेटी पिठाच्या डब्यात

ही गोष्ट १९९४ सालची. मी तेव्हा सातवीत होतो. साताऱ्याच्या आमच्या घरात आई, बाबा, ताई, मी आणि आजी असे पाच जण राहायचो.

आजी म्हणजे गोष्टींचं कोठार! पण त्या वर्षी तिला काहीतरी झालं होतं. आमटीत दोनदा मीठ पडायचं. मला ती ‘वसंता’ म्हणून हाक मारायची. वसंता म्हणजे तिचा धाकटा भाऊ. संध्याकाळ झाली की उगाच घाबरायची, कधी नुसती भिंतीकडे बघत बसायची. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, “हा अल्झायमर. म्हातारपणाचा साधा विसराळूपणा नव्हे.”

वार्षिक परीक्षा सुरू होती. गणिताचा पेपर, आणि माझी कंपासपेटी गायब! सगळं घर उलटंपालटं केलं. शेवटी आईला ती पिठाच्या डब्यात सापडली. आजीनेच ‘नीट’ ठेवली होती. मी पाय आपटत ओरडलो, “आजी, तुला काही म्हणजे काही कळत नाही! नुसता त्रास आहे तुझा!” आणि धूम ठोकली.

दुपारी घरी आलो, तर आजी जेवली नव्हती. आई विचारत होती, “काय झालं हो, दुखतंय का कुठे?” आजी म्हणाली, “काही आठवत नाही गं. पण आज काहीतरी वाईट झालंय बघ.”

मी गप्प राहिलो. मनात म्हटलं, सुटलो बुवा! तिला आठवतच नाही, म्हणजे काही झालंच नाही.

किती चुकत होतो मी! ते कळायला मात्र खूप वर्षं गेली.

मोठेपणी मी या आजाराबद्दल वाचत गेलो. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या इस्पितळात आलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी ऑगस्टे डेटर नावाच्या बाईंना तपासलं. त्या जेमतेम ५१ वर्षांच्या होत्या. साध्या साध्या गोष्टी त्यांना आठवत नव्हत्या, आणि त्या घाबरायच्या, संशय घ्यायच्या. त्या वारल्यावर डॉक्टरांनी त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात नको त्या प्रथिनांचे थर साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांच्या गाठी पडल्या होत्या. १९०६ साली त्यांनी हे जाहीर केलं.

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्या एकेकट्या काम करत नाहीत. एसटीच्या गाड्या जशा गावं जोडतात, तशी मेंदूचे भाग जोडणारी जाळी असतात. एक जाळं आपण स्वस्थ बसून जुन्या आठवणी काढतो तेव्हा काम करतं. अल्झायमरमध्ये त्या मार्गावरच्या गाड्या लवकर बंद पडू लागतात. दुसरं एक जाळं आपल्यासाठी महत्त्वाचं काय ते टिपतं : धोका, माया, आवाजातली धार. काही अभ्यासांत असं दिसलं, की पहिलं जाळं विस्कटत असताना हे दुसरं सुरुवातीला उलट जास्तच जागं होतं. या आजारातली चिडचिड, भीती, उदासी ही काही हट्टीपणाची लक्षणं नव्हेत. तीही आजारच आहेत. एरवी निरोगी म्हातारपणी नाव पटकन न आठवणं चालायचंच. पण स्वभावच बदलला तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

आणि मग माझ्या वाचनात आला अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा, २०१४ सालचा एक प्रयोग. अल्झायमर झालेल्या माणसांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले. थोड्याच वेळात त्यांना त्यातलं फारसं काही आठवेना. पण मनातलं दुःख टिकून होतं! आनंदही टिकून होता. इतकंच नव्हे, ज्यांना कमी आठवत होतं, त्यांची उदासी जास्त वेळ राहिली.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो. ‘आज काहीतरी वाईट झालंय बघ.’ आजीला माझे शब्द आठवत नव्हते, पण त्यांचा ओरखडा तसाच होता. आणि तो कुणी काढला, हे तिला माहीतच नव्हतं. माफी मागावी, तर आजी कधीच निघून गेली होती.

एक गोष्ट मात्र त्या वर्षी सुट्टीत माझ्या हातून बरी झाली, तीही ताईमुळे. ती म्हणाली, “अरे, ‘मी वसंता नाही’ असं किती वेळा सांगशील? हो म्हण की!” मग मी वसंता झालो. आजीच्या शेजारी बसून मेथी निवडायची, नदीवरच्या पोहण्याच्या गोष्टी ऐकायच्या. त्याच त्याच, रोज. दहा मिनिटांनी ती विचारायची, “तू कधी आलास रे?” पण कपाळावरची आठी गेलेली असायची आणि जेवणही दोन घास जास्त जायचं.

तुमच्या घरी अशी आजी किंवा आजोबा असतील, तर ‘ते विसरणारच आहेत’ असं म्हणून ओरडू नका. आणि ‘ते विसरणारच आहेत’ म्हणून त्यांच्याजवळ बसायचंही सोडू नका.