कॉलेजचा वार्षिक रिपोर्ट वाचतं कोण?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या तालुक्यातले ओळखीचे प्राध्यापक फोन उचलत नाहीत. उचलला तर एकच वाक्य, "नंतर बोलू, एक्यूएआर चालू आहे." पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात बारावीचं लेकरू आहे त्यांनी वाचावी.

एक्यूएआर म्हणजे वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल. नॅक ही मूल्यांकन करणारी संस्था १९९४ साली स्थापन झाली, मुख्यालय बंगळुरूला. तिची ग्रेड घेतलेल्या कॉलेजने दरवर्षी मागच्या शैक्षणिक वर्षाचा हिशेब भरून द्यायचा असतो, साधारणपणे ३१ डिसेंबरपर्यंत. हिशेब पैशांचा नाही, शिकवण्याचा. सात निकष आहेत: अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, सुविधा, विद्यार्थी, कारभार आणि संस्थेची मूल्यं. हे भरायला प्रत्येक कॉलेजात एक कक्ष असतो, त्याला सगळे आयक्यूएसी म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचंय? तर ऐका. कॉलेजच्या गेटवर जी भलीमोठी कमान असते, 'नॅक मानांकन ए', ती या असल्या आकड्यांवर उभी असते. ग्रेडचं गणित ४ पैकी असतं. ३.०१ ला ए, ३.२६ ला ए प्लस, ३.५१ च्या वर गेलं की ए डबल प्लस. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठी एकूण १००० गुणांपैकी ३५० एकट्या अध्यापनाच्या निकषाला आहेत. आणि एकूण मूल्यांकनाचा सत्तर टक्क्यांच्या आसपासचा भाग कॉलेजने स्वतः भरलेल्या आकड्यांवर ठरतो. आकडे तपासले जातात, पण कागदावरून. म्हणजे कागद पक्का तर आकडा पक्का.

म्हणून मग कागद तयार करण्याचाच धंदा सुरू होतो. आमच्याकडे वृक्षारोपण झालं की आधी फोटो, तोही जिओटॅगवाला. अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, सगळं फोटोच्या खाली उमटलं पाहिजे. रोपाला पाणी घातलं का, याचा रकाना नाही. एकाच रस्त्यावरची दोन कॉलेजं एकमेकांशी सामंजस्य करार करतात, शाल-नारळ देतात, दोघांच्याही रिपोर्टमध्ये एकेक करार वाढतो. मी अशा तीन कार्यक्रमांच्या बातम्या दिल्यात. नंतर त्या कराराखाली काय घडलं, हे विचारायला गेलो तर सर हसले आणि चहा मागवला.

सगळ्यात मजेशीर, खरं तर वाईट, प्रकार म्हणजे 'आउटकम'. प्रत्येक पदवीला आणि प्रत्येक विषयाला लिहून द्यावं लागतं की हे शिकल्यावर मुलाला काय काय यायला हवं. ते वेबसाइटवर टाकायचं आणि वर्षाच्या शेवटी ते किती साध्य झालं हेही मोजायचं. कल्पना चांगली आहे, यात मला शंका नाही. भूगोलाच्या मुलाला नकाशा वाचता आला पाहिजे, हे कुठंतरी लिहिलेलं असावं आणि येत नसेल तर पुढच्या वर्षी शिकवण्याची पद्धत बदलावी. वार्षिक अहवालाचा मूळ हेतू हाच. पण मी दोन जिल्ह्यांतल्या काही कॉलेजांच्या वेबसाइट उघडून बसलो, तर एकाच विषयाची तीच वाक्यं, त्याच क्रमाने, स्पेलिंगच्या चुकांसकट. एका कॉलेजात तर दुसऱ्याच कॉलेजचं नाव पुसायचं राहून गेलं होतं.

याबद्दल प्राध्यापकांना शिव्या घालणं सोपं आहे. पण लिहितं कोण ते बघा. कायम प्राध्यापक निवृत्त होतात, जागा भरल्या जात नाहीत आणि रिकाम्या जागी तासिका तत्त्वावरची पोरं येतात. नेट-सेट झालेली, काही पीएचडी झालेली. त्यांना पैसे तासाप्रमाणे, तेही महिनोन् महिने रखडलेले, आणि रिपोर्ट लिहिण्याचा कुठलाच तास धरला जात नाही. माझ्या ओळखीचा एक जण तीन निकषांच्या फाइली एकटा बघतो. मी विचारलं, "पोरांना काय आलं हे मोजता कसं रे?" तर म्हणाला, "दादा, परीक्षेचे मार्क घेतो, एक्सेलमध्ये टाकतो, लेव्हल टू येते. दरवर्षी लेव्हल टूच येते. थ्री आली तर पुरावा मागतात आणि वन आली तर प्राचार्य बोलावतात." त्यात २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही नवीन शैक्षणिक धोरण आलं, सगळे विषय बदलले, म्हणजे सगळे आउटकम पुन्हा नव्याने लिहा.

मग हा रिपोर्ट बंदच करावा का? अनेक प्राध्यापक मित्रांचं तेच म्हणणं आहे. मला ते पटत नाही, कारण पत्रकार म्हणून मला तालुक्यात इतकी माहिती एका जागी दुसरीकडे कुठंच मिळत नाही. त्यात मंजूर पदं किती आणि पूर्णवेळ शिक्षक किती, हे कॉलेजला स्वतःच्या हाताने लिहावं लागतं. निकाल लिहावा लागतो. शेवटच्या वर्षातली किती मुलं नोकरीला लागली, किती पुढं शिकायला गेली, हेही. माहितीच्या अधिकारात हेच मागितलं असतं तर तीस दिवस आणि वर एक अपील गेलं असतं. इथं ते कॉलेजच्या वेबसाइटवर पडलेलं असतं.

गेल्या वर्षी मी आमच्याच भागातल्या एका कॉलेजचे लागोपाठ तीन वर्षांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. पूर्णवेळ शिक्षक दरवर्षी कमी होत गेलेले आणि नोकरी लागलेली मुलं दरवर्षी वाढत गेलेली. कुणाला खटकणार नाही? यादीतल्या काही मुलांना शोधून फोन लावले. एक जण मामाच्या मोबाइल दुकानात बसतो. नेमणूकपत्र दुकानाच्या लेटरहेडवर, सही मामाची. तो बिचारा सरळ बोलला, "सरांनी मागितलं म्हणून आणून दिलं." एक मुलगी लग्न होऊन गेली होती, तिला आपण 'प्लेस' झाल्याचं माझ्याकडूनच कळलं. एक मात्र खरंच पुण्यात कंपनीत होता, चांगला पगार होता. तेही सांगितलं पाहिजे.

बातमी लिहिली. छापून आली ती आतल्या पानावर, चार ओळींत, कॉलेजच्या नावाशिवाय. त्याच महिन्यात त्या कॉलेजला ग्रेड मिळाल्याच्या अभिनंदनाची पानभर रंगीत जाहिरात होती. अधिक काय लिहू? तालुक्याचा पेपर कशावर चालतो, हे तुम्हालाही माहिती आहे.

वरच्या पातळीवर काय चाललंय तेही थोडक्यात. मार्च २०२३ मध्ये नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष डॉ. भूषण पटवर्धन यांनी गैरप्रकारांकडे बोट दाखवत राजीनामा दिला. पुण्याच्या विद्यापीठातला माणूस, त्यामुळे आपल्याकडे त्याची चर्चा झाली आणि विरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने आंध्रातल्या एका संस्थेला चांगली ग्रेड देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपासणी समितीच्या अध्यक्षांसह दहा जणांना अटक केली. दरम्यान इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींवरून २०२४ मध्ये नवी पद्धत जाहीर झाली: ग्रेड नको, नुसतं 'मानांकित' किंवा 'मानांकित नाही', आणि पुढं एक ते पाच पातळ्या. भर आणखी डेटावर. म्हणजे ज्या रकान्यात मामाचं दुकान बसतं, त्याच रकान्यावर उद्या जास्त भार येणार.

एका पालकांनी मला परवा बाजारात अडवलं. शेतकरी माणूस, मुलगा बारावी सायन्स. "भाऊ, त्या कॉलेजला ए आहे म्हणं, टाकू का पोराला?" मी म्हटलं, कमान बघू नका, मोबाइल काढा. कॉलेजची वेबसाइट उघडली. आयक्यूएसी, त्याखाली एक्यूएआर. सुरुवातीलाच विद्यार्थी किती, पूर्णवेळ शिक्षक किती, मंजूर पदं किती. मग दुसऱ्या निकषात पास होण्याचं प्रमाण, पाचव्यात नोकरीची यादी. मुलाने तिथंच केमिस्ट्रीच्या विभागात कोण कोण आहे ते शोधलं. दोन नावं निघाली, त्यातलं एक निवृत्त झालेलं, हे त्याला गावातूनच माहीत होतं. वडील म्हणाले, "हे इथं लिहिलेलं असतंय होय?"

जूनमध्ये ते दोघं प्रवेशाला जाणार आहेत. नोकरीच्या यादीतल्या दोन मुलांचे नंबर कॉलेजकडून मागून घ्या, एवढं मी सांगितलंय. तुमच्या गावातल्या कॉलेजचा रिपोर्ट उघडून बघा आणि मंजूर पदं आणि भरलेली पदं, हे दोन आकडे खाली कमेंटमध्ये टाका. वेबसाइटवर रिपोर्टच सापडला नाही, तर तेही लिहा.