गोळी घरात, जबाबदारीही घरात

अण्णांच्या फुप्फुसाच्या कर्करोगावर एर्लोटिनिब सुरू झालं तेव्हा आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. सलाईन नाही, दवाखान्यात मुक्काम नाही. रोज 150 मिलिग्रॅमची एक गोळी. गाठीच्या तपासणीत ईजीएफआर जनुकातला बदल सापडला होता, म्हणून हे औषध. रक्तदाबाच्या गोळीसारखीच ही एक गोळी, असं मी मनाशी धरलं आणि तिथूनच माझ्या चुका सुरू झाल्या. त्या लिहितोय, कारण ही गोळी आता संगमनेर तालुक्यातल्या आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या घरातही पोचली आहे, आणि ती हातावर ठेवणारा डॉक्टर नसतो. मुलगा किंवा सून असते.

कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. पण औषध उपाशीपोटी घ्यायचं नाही, हा आमच्या घरचा जुना नियम. आईने दूध-भाकरी दिली की लागलीच मी गोळी द्यायचो. रिकाम्या पोटी या औषधाचा साधारण 60 टक्के भाग रक्तात उतरतो, जेवणाबरोबर जवळजवळ सगळाच. गोळी तीच, पण मी अण्णांना रोज जास्तीचा डोस देत होतो.

तोंडावर, छातीवर पुरळ उठला, जुलाब लागले. आम्ही म्हटलं, उष्णता झाली. सब्जा दिला, गुलकंद दिला, आणि डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली. बरं वाटल्यावर बुडालेले दिवस भरून काढायचे म्हणून एका दिवशी दोन गोळ्या दिल्या. ही माझी सगळ्यात धोक्याची चूक. चुकलेला डोस दुप्पट करून भरायचा नसतो. पुरळ आणि जुलाब हे या औषधाचे ठाऊक असलेले परिणाम आहेत. पुरळावर मलम असतं, ऊन टाळायचं असतं. जुलाबावर गोळी आणि मीठ-साखरेचं पाणी असतं. तरीही त्रास आटोक्यात आला नाही तर डॉक्टर 50 मिलिग्रॅमच्या टप्प्याने डोस उतरवतात. त्यासाठी 100 आणि 25 च्या गोळ्या मिळतात. हा निर्णय माझा नव्हता. अण्णांनी सोसलं त्यातलं बरंच मी दिलेलं होतं.

मग पोटात जळजळ होते म्हणून मेडिकलमधून ॲसिडिटीच्या गोळ्या आणल्या. ओमेप्राझोलसारख्या गोळीने एर्लोटिनिबचं रक्तातलं प्रमाण जवळपास निम्म्याने घटतं, हे मला माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलंही नाही. त्यातच अण्णांना जरा तरतरी आली आणि विडी पुन्हा सुरू झाली. आमच्या भागात सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या बायका घरोघर होत्या, आजही आहेत. विडीचं कुणाला नवल नाही. तंबाखूच्या धुरामुळे यकृत हे औषध भराभर संपवतं. ओढणाऱ्याच्या रक्तात ते न ओढणाऱ्याच्या निम्म्यावरही येतं. मला विडी दिसत होती. या वयात काय बोलायचं, म्हणून मी गप्प राहिलो.

पुढच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली. डॉक्टरांनी विचारलं, गोळी रोज वेळेवर चालू आहे ना? मी हो म्हणालो. ॲसिडिटीची गोळी सांगितली नाही, विडी सांगितली नाही. औषधच चालेनासं झालं, असं धरून ते पुढच्या उपचारांचं बोलू लागले, तेव्हा मला घाम फुटला आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. औषध लागू पडत नाही की अंगात पोचतच नाही, हे ठरवायला त्यांना खरी माहिती हवी होती, आणि ती फक्त माझ्याकडे होती.

या गोळीसाठी मोठी लढाई झाली आहे. 2008 मध्ये रोश आणि सिप्ला या औषध कंपन्यांमधल्या पेटंटच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने सिप्लाच्या गोळीवर तात्पुरती बंदी घालायला नकार दिला. तेव्हा रोशची मूळ गोळी सुमारे 4,800 रुपयांना होती, सिप्लाची 1,600 ला. 2019 मध्ये केंद्राने 42 कर्करोग-औषधांवरच्या व्यापारी नफ्याला 30 टक्क्यांची मर्यादा घातली. इतक्या खटाटोपाने हाताशी आलेलं औषध आपण निष्काळजीपणे वाया घालवू नये.

ज्यांच्या घरी अशी गोळी आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. प्रत्येक औषधाचा नियम वेगळा असतो. अशीच दुसरी गोळी, जेफिटिनिब, जेवणाआधी, जेवणानंतर कधीही चालते, एर्लोटिनिबचं तसं नाही. शेजाऱ्याची पद्धत उचलू नका. टीबीचं रिफॅम्पिसिन, फिटची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, गावठी काढा, विडी-तंबाखू, सगळं डॉक्टरांना सांगा. पैसे कमी पडले तर गोळी अर्धी करू नका, दिवसाआड देऊ नका; रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा. आणि नव्याने दम लागला, खोकला वाढला किंवा ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा, कारण क्वचित हे औषध फुप्फुसालाच सूज आणतं आणि त्यात जीव जाऊ शकतो.