पाण्याच्या वाटेनं ये

सोलापूर,
श्रावण वद्य पंचमी

चि. मुक्ता,


तुझं पत्र पोचलं. रायगड, हंपी, विजापूर अशा राजधान्या ओंकारला दाखवून झाल्या, आता दिवाळीत सोलापूरला आलो तर पाहायचं काय, असं तू विचारलंस. प्रश्न वाचून मी दोन दिवस त्याच विचारात होते.

आपल्या गावाला राजधानीचा मान कधी मिळाला नाही. दक्षिणेला विजापूर, पूर्वेला गुलबर्गा, वायव्येला अहमदनगर आणि मधे आपण. चांदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं, तेव्हा नगरच्या निजामशहानं आपला भुईकोट किल्ला हुंड्यात दिला. पुढं त्याच किल्ल्यावरून दोन्ही दरबार भांडत राहिले. तू तो पाहशीलच. पण तटावर उभी राहिलीस की आधी शेजारचं तळं बघ. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून ते खोदलं. पावसाचा भरवसा नसलेल्या या मुलखात त्यांना भक्तीची पहिली खूण पाणी साठवण्यात दिसली. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, तेव्हा अख्खं गाव या तळ्याकाठी लोटतं. आमच्या गावाच्या मध्यभागी राजवाडा नाही, तळं आहे. म्हणून सांगते, हा मुलूख पाण्याच्या वाटेनं बघ.

त्यासाठी दिवाळीपर्यंत थांबू नकोस, गणपतीच्या सुट्टीतच ये. बोरी नदी भरलेली असेल, तर नळदुर्गाचा पाणीमहाल पाहायचे हेच दिवस. हैदराबाद रस्त्यानं तासाभराचं अंतर. किल्ल्यात नदीवर दगडी बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये तो बांधला. बांध भरून वाहू लागला, की नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. आपण आत कोरड्या दालनात उभं राहायचं आणि खिडकीबाहेर पाण्याचा पडदा बघायचा. विजापूरचा गोल घुमट पाहिलास, तसा हाही त्याच घराण्याचा वारसा; पण मला हा जास्त जवळचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्याच्या रस्त्याला माचणूर. भीमेकाठी सिद्धेश्वराचं हेमाडपंती देऊळ, रुंद घाट आणि जवळच गढी. 1695 पासून चार-साडेचार वर्षं औरंगजेबाची छावणी इथं, ब्रह्मपुरीला होती. बादशहा जिथं, तिथंच दरबार. म्हणजे तेवढा काळ हिंदुस्थानची राजधानी याच काठावर होती म्हण ना! भीमेच्या महापुरानं त्या छावणीची दैना केली. आज तिथं संध्याकाळी फक्त देवळातली घंटा ऐकू येते.

एक पहाट नान्नजसाठी राख. बार्शी रस्त्याला, वीसेक किलोमीटरवर. माळढोकासाठी 1979 मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं. माळढोक दिसेलच असं वचन मी देत नाही. तो फार थोडा उरलाय आणि याची मला मनापासून खंत आहे. काळवीट मात्र दिसतील, नशीब असेल तर लांडगाही. ओंकारला एक सांग, या माळाला ओसाड म्हणायचं नाही. इथलं गवत माती धरून ठेवतं, पावसाला जमिनीत मुरायला सवड देतं. ओसाड म्हणून आपण ज्यावर झाडं लावली, नांगर घातला, तेच या पक्ष्याचं घर होतं.

आणि शेवटचा दिवस हत्तरसंग कुडलचा. इथं भीमा आणि सीना भेटतात, पलीकडं कर्नाटक. हरिहरेश्वराच्या देवळात उत्खननात सापडलेलं बहुमुखी शिवलिंग आहे, त्यावर 359 मुखं कोरलेली. पण मला तुम्हाला न्यायचंय ते शेजारच्या संगमेश्वरात. तिथल्या तुळईवर शके 940चा, म्हणजे 1018 सालचा मराठी लेख आहे. सोलापूरचे आनंद कुंभार गावोगावचे शिलालेख शोधत हिंडले, त्यांनी तो उजेडात आणला. त्याचा आशय एवढाच, की हे जो वाचील त्याचा विजय होवो.

ओंकार आता अक्षरं जुळवून वाचू लागलाय, असं तू लिहिलंस. ती अक्षरं जुन्या वळणाची आहेत, त्याला सहज लागणार नाहीत. मी शेजारी उभी राहून एकेक दाखवीन, तो मोठ्यानं म्हणेल. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाचणाऱ्यासाठी मागून ठेवलेलं हे दान आपल्या पोराला मिळायला हवं.

सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मी घेईन. तू फक्त तारीख कळव.

तुझी,
आत्या