आजीचे पाय

आजीला महारोग होता, हे आमच्या घरात कोणी उघड बोलत नसे. पोलादपूर तालुक्यातलं घाटाखालचं गाव. तिचं अंथरूण गोठ्याला लागून असलेल्या पडवीत, ताट-तांब्या वेगळा. चुलीतला निखारा पायाला लागला तरी तिला कळायचं नाही. कातडी जळल्याचा वास आला की आई धावायची.

पोलादपूरला कुष्ठरोग्यांसाठी मिशनचं इस्पितळ होतं. तिथल्या एका सिस्टरांचं आमच्या घरावर ऋण आहे. त्या मूळच्या नगरकडच्या. तिकडच्या पुष्कळ ख्रिस्ती घरांसारखं त्यांचंही घर दोन पिढ्यांमागे गावकुसाबाहेरचं. आजी धडधाकट असती तर तिनं या बाईंना आपल्या पाणवठ्याची पायरी चढू दिली नसती. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसं प्यायली, तेव्हा आजी परकरी पोर होती. त्यावर आमच्या वाडीत जे बोललं गेलं, ते लिहिण्याजोगं नाही.

त्याच आजीपुढे सिस्टर घमेल्यात साधं पाणी घेऊन उकिडव्या बसायच्या. "आजी, पाय पुढं करा."

"नको बाये, घान हाय ती."

पहिल्या खेपेला आजीनं पाय लुगड्यात ओढून घेतले. सिस्टर उठल्या नाहीत, समजूतही घातली नाही. पाणी तसंच, त्या तशाच. शेवटी आजीनंच एक पाय पुढं सरकवला. मग भिजवणं, घट्टे घासून काढणं, ओल्या कातडीला तेल चोळणं. पाय झडतो तो रोगानं सडून नव्हे. बधिरपणामुळे लागलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिलं होतं. आमच्यापर्यंत ते सिस्टरांच्या हातून पोचलं.

ते दिवस शिमग्याचे. आईनं भीतभीत पोळी पुढं केली, तर सिस्टर म्हणाल्या, "लेंट चालू आहे, ईस्टरनंतर खाईन." राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून चाळीस दिवस त्या गोड खात नसत. आईला वाटलं, विटाळ मानतात. ईस्टर झाल्यावर त्या खरंच पोळी मागायला आल्या, आणि आजीच्या शेजारी बसून जेवल्या. आमच्या घरात आजीशेजारी बसून जेवलेलं ते पहिलं माणूस.

योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. त्यांतला पेत्र आधी नको म्हणतो. चर्चमध्ये प्रवचनं होतात ती धुणाऱ्याच्या नम्रतेवर. मला पेत्राचं जास्त कळतं. ज्याला आयुष्यभर खालचं मानलं, त्याच्या हाती आपला घाण पाय देणं आजीला किती जड गेलं असेल! सिस्टरांनी गोड सोडलं, तिनं जात सोडली; तीही फक्त त्या घमेल्यापुरती, हेही सांगायला हवं.

वडिलांनी त्यांना तांदळाचं पोतं नेऊन दिलं. ते इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेलं. त्यांची पुढं बदली झाली, आणि आमच्याकडून त्यांच्यासाठी काही करायचं राहिलं ते राहिलंच.

आता सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की हा रोग पूर्ण बरा होतो, आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. घरात कोणाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. आणि त्या माणसाचं ताट वेगळं करू नका.